अखेरच्या दिवसांत घरच्यांना आधी सांगून ठेवा

संध्याकाळी सहानंतर माणहून रुग्णवाहिका बाहेर काढायची म्हणजे काय, हे हिंजवडी फेज तीनच्या रस्त्याला राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगायला नको. कंपन्या सुटलेल्या असतात, बसगाड्या आणि डंपर एकमेकांना चिकटून उभे असतात, आणि शिवाजी चौकापर्यंत पोचेतो पेशंटबरोबर बसलेल्यांचा जीव अर्धा होतो. त्या गाडीत कधी कधी असा माणूस असतो, ज्याला डॉक्टरांनी आठवड्यापूर्वीच ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलेलं असतं. घरच्यांनीही ते मनाशी मान्य केलेलं असतं. मग हलवलं का? तर घशात घरघर सुरू झाली, हातपाय गार पडले, आणि हे असंच होत असतं, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. वाटेत श्वास थांबला की रुग्णालयात ‘आणण्यापूर्वीच मृत’ अशी नोंद होते, पोलिसांना कळवावं लागतं, आणि पुष्कळदा गोष्ट शवविच्छेदनापर्यंत जाते. जो जीव आपल्या अंथरुणावर, आपल्या माणसांत गेला असता, तो ट्रॅफिकमध्ये जातो. घरच्यांना पुढे कित्येक वर्षं तो रस्ताच आठवत राहतो.

हा लेख माण, हिंजवडी, मारुंजी, घोटावडे या पट्ट्यातल्या सिस्टरांसाठी, उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी, आशाताईंसाठी आणि नर्सिंग ब्युरोतर्फे घरोघरी जाणाऱ्या परिचारिका-मावशींसाठी आहे. घरच्यांनी वाचला तर उत्तमच. सांगायचं आहे ते एवढंच की, पुढे काय काय दिसणार आहे हे घरच्यांना आधी सांगून ठेवणं, हे अखेरच्या शुश्रूषेतलं सगळ्यात मोठं काम आहे. आणि ते बहुतेक वेळा सिस्टरच्याच वाट्याला येतं, कारण डॉक्टर राउंड घेऊन निघून जातात आणि प्रश्न त्यानंतर सुचतात.

‘ते डॉक्टर सांगतील’ हे वाक्य आपल्या तोंडात बसलेलं आहे. निदान काय, किती दिवस उरले, कुठलं औषध बदलायचं, हे डॉक्टरांनीच सांगायचं, त्यात वाद नाही. पण डॉक्टरांनी एकदा ‘आता फार काही करण्यासारखं नाही’ असं सांगितल्यावर रात्री दोन वाजता काय दिसेल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. घरच्या दोन-तीन माणसांना बाजूला बसवा. पेशंट झोपलेला असला तरी त्याच्या डोक्याशी उभं राहून हे बोलू नका. ऐकू येणं अगदी शेवटपर्यंत शाबूत असू शकतं. मग साध्या शब्दांत सांगा. झोप वाढत जाईल. जेवण आधी घासावर, मग चमचाभर पाण्यावर येईल. लघवी कमी आणि गडद होईल. कधी माणूस ओळखणार नाही, कधी गेलेल्या आईशी किंवा भावाशी बोलेल, चादर चिवडेल, उठून ‘घरी चला’ म्हणेल. हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर आणि तळपायांवर जांभळट चट्टे दिसतील. अंगावर ब्लँकेटांचा ढीग घालायची गरज नाही, हलकी चादर पुरे.

श्वासाबद्दल जरा सविस्तर सांगा, कारण लोक घाबरतात ते श्वासालाच. श्वास जोरात होतो, मग उथळ होत होत थांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. ‘गेले’ म्हणून कुणीतरी हंबरडा फोडतं आणि मोठा श्वास घेऊन माणूस परत सुरू होतो. हे तासन्‌तास चालू शकतं. घरघर होते ती घशात साठलेल्या लाळेची. गिळण्याची ताकद गेलेली असते म्हणून ती साठते. ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण पेशंट त्या वेळी बहुधा गुंगीत असतो आणि आपल्याला वाटतो तेवढा त्रास त्याला होत नसतो. त्याला कुशीवर वळवा, पाठीमागे उशी लावा, डोकं थोडं उंच करा. पुष्कळदा एवढ्यानेच आवाज कमी होतो. सक्शनची नळी खोल घालण्याने जास्त दुखतं आणि लाळ परत साठते. लाळ कमी करणारं इंजेक्शन असतं. ते द्यायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारून, लिहून घेऊन ठेवा. ऐन वेळी रात्री चिठ्ठी मिळत नाही.

आता सलाईन. मुळशीतलं जुनं घर असो की बाविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट, ‘निदान सलाईन तरी लावा की सिस्टर’ हे ऐकावं लागतंच. आपल्याकडे माणसाला उपाशी जाऊ देणं याहून मोठं पाप नाही. ज्या सुनेने दोन वर्षं मऊ भात कालवून भरवला, तिला ‘आता भरवू नका’ म्हणणं म्हणजे तिच्या हातातलं शेवटचं काम काढून घेणं. म्हणून नुसतं ‘नको’ म्हणून मोकळं होऊ नका, कारण सांगा. जेवण बंद झालं म्हणून माणूस जात नाहीये. शरीर मिटत चाललंय म्हणून जेवण बंद झालंय. भूक अशा वेळी फारशी लागत नाही. शिरेतून घातलेलं पाणी मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही, मग ते हातापायांवर सुजेच्या रूपात आणि छातीत कफाच्या रूपात साठतं, आणि ज्या घरघरीची घरच्यांना भीती वाटते तीच वाढते. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात चमच्याने दूध किंवा पेज ओतली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, हेही स्पष्ट सांगा. हे सगळं ऐकूनही एखादा मुलगा हट्टाला पेटतो. त्याच्याशी भांडू नका. डॉक्टरांशी बोलून थोडं सलाईन एका दिवसापुरतं लावून बघायचं आणि सूज आली की काढायचं, असं आधी ठरवून घेतलं तर तो हट्ट बहुधा आपोआप सुटतो.

आणि सुनेच्या हाताला दुसरं काम द्या. तोंडाची निगा हे ते काम. बोटाला स्वच्छ ओला गॉज गुंडाळायचा, पिळून घ्यायचा, इतका की थेंब पडता कामा नये. आधी ओठ भिजवायचे. कोरड्या ओठांवरून गॉज ओढला तर साल निघून रक्त येतं. मग गालाची आतली बाजू, हिरड्या, शेवटी जीभ, पुढून मागे फार आत न जाता. पेशंट दात आवळत असेल तर बळजबरी नको, गालाच्या कडेने बोट सरकवायचं. कवळी असेल तर काढून पाण्यात ठेवायची. शेवटी ओठांना साजूक तूप किंवा व्हॅसलीन. जागेपणी दर दोन तासांनी हे केलं की तोंडाचा वास जातो, जिभेवरची पांढरी बुरशी वेळेत दिसते आणि तहानही भागते, कारण या अवस्थेतली तहान म्हणजे बहुतेक वेळा कोरडं पडलेलं तोंड असतं. गंगाजल आणि तुळशीचं पानही याच पद्धतीने द्या. पळीभर घशात ओतण्यापेक्षा ओल्या गॉजने जिभेवर टेकवा. देवाधर्मात यामुळे काही उणं पडत नाही. मुसलमान घरात झमझमचं पाणी असेल, तेही असंच.

कूस बदलणं, ढुंगणाखाली, टाचांखाली आणि खांद्यांखाली हात घालून लाली बघणं, हे तर शाळेपासून शिकलेलं. तरी एक नाव इथे घ्यायलाच हवं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला तिचा मृत्यू झाला. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या सिस्टरांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला सांभाळलं, आणि तिला शय्याव्रण होऊ दिले नाहीत. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचं कौतुक केलं. हवेची गादी परवडत नाही म्हणून घरच्यांनी खजील व्हावं असं काही नाही. वेळेवर कूस बदलणारे हात गादीपेक्षा जास्त काम करतात. मात्र शेवटच्या एक-दोन दिवसांत वळवताना माणूस विव्हळत असेल तर दोन तासांचं घड्याळ बाजूला ठेवा. तेव्हा त्वचेपेक्षा त्याची शांतता महत्त्वाची.

दुखण्याबद्दल एक गैरसमज सिस्टर मंडळींतही घट्ट आहे: मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं. कर्करोगाच्या दुखण्यावर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची साधी गोळी ठरलेल्या मात्रेत, दर चार तासांनी घड्याळ लावून घेतली तर माणूस झोपतो, बोलतो, नातवाला जवळ घेतो. ‘दुखलं की द्या’ असं न करता दुखायच्या आधीच द्यायची असते. तिच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, नाहीतर बद्धकोष्ठाने वेगळेच हाल होतात. ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणं सोपं झालं, पण अशी संस्था कुठे आहे हे घरच्यांना माहीत नसतं. माणकरांना तुलनेने जवळचं ठिकाण म्हणजे वारज्याचं सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र. १९९७ पासून ते चालू आहे, रुग्णाकडून पैसे घेत नाही, आणि तिथली माणसं घरी येऊनही बघतात. वारज्याला पेशंट नेला की तो तिथेच संपतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात बरेच जण दुखणं आटोक्यात आणून, घरच्यांना शुश्रूषा शिकवून परत घरी जातात. म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट न बघता दुखणं सुरू झालं तेव्हाच नाव सुचवा. कर्करोग नसलेल्यांसाठी, म्हणजे लकवा, मूत्रपिंड, हृदय, फुप्फुसाच्या दुखण्यात, माणच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयाला धरून राहा. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि उपशामक सेवाही आहे. कागदावर असलेली ही सेवा मागितल्याशिवाय घरापर्यंत येत नाही, म्हणून मागा.

‘डामा’ घेऊन घरी आलेल्या पेशंटचं आणखी एक दुखणं असतं. सल्ल्याविरुद्ध नेताय म्हणून सही घेतली जाते, बिल होतं, आणि हातात औषधांची चिठ्ठीसुद्धा नसते. वॉर्डात असाल तर सही होण्याआधी दुखणं, उलटी, तगमग आणि घरघर या चार गोष्टींसाठी काय द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहवून घ्या. हे तुमच्या कामाच्या यादीत नसेल, तरी करा.

‘त्यांना सांगू नका, सिस्टर.’ मुलगा जिन्यातच गाठून हे सांगतो. पेशंट आत, दार लोटलेलं, आणि पेशंटला सगळं कळलेलं. या कटात सामील होऊ नका आणि तो उधळूनही लावू नका. मुलाला विचारा, ‘बाबांनी विचारलं तर मी खोटं बोलायचं का? आणि ते कुणाला तरी काही सांगायला बघत असतील तर?’ आणि बाबांनी ‘मी आता बरा होणार नाही ना?’ असं विचारलं तर लगेच उत्तर द्यायची घाई नको. ‘तुम्हाला काय वाटतंय, बाबा?’ एवढं विचारून खुर्ची ओढून बसा. बहुतेक जण स्वतःच सांगतात. त्यानंतर जे निघतं ते वैद्यकीय क्वचितच असतं: कुणाचे पैसे द्यायचेत, रिंगरोडच्या मोबदल्यावरून भावाशी अबोला धरलाय, मधली मुलगी अजून आली नाही. माणसारख्या गावात जमिनीचे पैसे आले तेव्हा भाऊबंदकीही आली. सातबाऱ्याची भांडणं खाटेपाशी येऊ देऊ नका, पण भावाला निरोप धाडायला मात्र मदत करा. लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसची स्थापना १९६७ मध्ये करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, डॉक्टर नंतर झाल्या. शरीराचं दुखणं आणि ही असली दुखणी वेगळी काढता येत नाहीत, हे त्यांनी खाटेशी बसूनच ओळखलं.

शुद्धीत असलेल्या ज्या माणसाला ‘मला मशिनवर ठेवू नका’ असं म्हणायचंय, त्याला ते कायद्याने लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हा हक्क मानला आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. मुलं परदेशात आणि आईवडील हिंजवडीच्या सोसायटीत एकटे, अशा घरांत हा कागद फार उपयोगी पडतो, कारण ऐनवेळी अमेरिकेतल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर ‘सगळं करा’ एवढंच सुचतं.

आता एक साधा कागद, फ्रिजवर चिकटवायचा. सगळ्यात वर घरी येऊन मृत्यू तपासून दाखला देणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि फोन. इथेच बहुतेकांची अडचण होते. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर नमुना ४अ मध्ये मृत्यूचं कारण लिहून देतात. ते डॉक्टर आधी ठरलेले नसतील तर रात्री तीन वाजता अनोळखी डॉक्टर सही करायला तयार होत नाही, आणि त्याचंही चुकत नाही, कारण त्याने पेशंटला कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून गावातल्या किंवा सोसायटीजवळच्या एका डॉक्टरांना आठवडाभर आधी बोलावून पेशंट दाखवा, फाईल दाखवा, आणि ‘रात्री-अपरात्री याल ना?’ हे स्पष्ट विचारा. कागदावर त्याखाली सिस्टरचा नंबर, मग शववाहिका, मग नातेवाइकांना कळवणारं एकच माणूस. नेत्रदान करायचं असेल तर नेत्रपेढीचा नंबरही. ते सहा तासांच्या आत व्हावं लागतं, तोवर पापण्या मिटून ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि डोकं उशीवर उंच ठेवायचं. १०८ हा नंबर या कागदावर कशासाठी लिहायचा आणि कशासाठी नाही, तेही घरच्यांबरोबर बसून ठरवा. खाटेवरून पडून हाड मोडलं किंवा दुखणं कशानेच थांबेना, तर जरूर फोन करा. श्वास मंदावला म्हणून नको.

मृत्यूनंतर पहिली पंधरा मिनिटं घाई करू नका. वेळ बघून ठेवा, मग गप्प उभ्या राहा. रडणाऱ्याला ‘शांत व्हा’ म्हणू नका, पाणी पुढे करून त्याचं रडणं तोडूही नका. नंतर नळ्या काढा, अंग पुसा, हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल द्या, हातपाय सरळ करा. हे करताना घरच्या कुणाला हात लावायचाय का विचारा. पुष्कळ मुलींना आईचे केस शेवटचे विंचरायचे असतात, पण बायकांच्या गर्दीत त्यांना पुढे होता येत नाही. अंघोळ कोण घालणार, तोंड कुठल्या दिशेला हवं, भन्तेजी, मौलाना की फादर, हे गृहीत धरू नका, विचारा. फेज तीनच्या बांधकामांवर झारखंड-बंगालहून आलेली माणसं आहेत. त्यांना प्रेत गावी न्यायचं असतं आणि कुठल्या कागदांवाचून गाडी अडेल हे माहीत नसतं. तिथे सोबत जाऊन कागद मिळवून देणं हेच सांत्वन. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, गावात असेल तर ग्रामपंचायतीत, करायची असते. विमा, पेन्शन, बँक सगळं त्या दाखल्यावर अडतं.

घरात बाई विधवा झाली असेल तर आणखी एक गोष्ट खाटेपाशीच घडायला लागते. बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला म्हाताऱ्या बायका पुढे सरसावतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. सिस्टरने त्या वेळी भाषण करायचं नाही. पण ‘वहिनींचं बीपी वाढलंय, त्यांना आत पडू द्या’ असं म्हणून त्यांना आतल्या खोलीत नेणं तुमच्या हातात असतं. मी तरी याला खोटेपणा म्हणत नाही.

दुःखाच्या पाच पायऱ्या सगळ्या नर्सिंगच्या पुस्तकांत असतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाऱ्या माणसांशी बोलून. मागे राहिलेल्यांवर त्या नंतर चिकटवल्या गेल्या. म्हणून ‘अजून राग गेला नाही का, आता तर स्वीकार यायला हवा’ असं कुणाला मोजत बसू नका. कुणी पहिल्या दिवशी व्यवस्थित कामं करतो आणि चौथ्या महिन्यात कोसळतो. लहान मुलांना ‘आजोबा झोपलेत’ किंवा ‘गावी गेलेत’ म्हणू देऊ नका. मग पोरं झोपायला घाबरतात, नाहीतर दाराशी वाट बघत बसतात. ‘आजोबा वारले, त्यांचं शरीर आता चालत नाही, ते परत येणार नाहीत, आणि तुझ्यामुळे काही झालेलं नाही’ एवढं स्पष्ट सांगायला घरच्यांना धीर द्या.

दहाव्या-तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. कडू घास येतो, हरिपाठ होतो, चपलांना जागा नसते. चौदाव्या दिवशी कुणी नसतं. आपली भेट तेव्हाची. आशाताई त्या रस्त्याने जातच असते, सिस्टरला फोन तरी करता येतो. निमित्त हवं तर उरलेल्या औषधांचं घ्या: मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, जिथून मिळाल्या त्या केंद्राकडे परत पाठवायच्या असतात, भाड्याची खाट आणि ऑक्सिजनचं मशीन परत करायचं असतं, आणि ती खाट हलवायला घरातलं कुणी धजत नसतं. खाट हलवताना विचारा: झोप लागते का, जेवता का, स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का. इतके दिवस पेशंटच्या गोळ्यांच्या वेळा पाळणारीने आपल्या गोळ्या केव्हाच सोडलेल्या असतात. ‘आपण दवाखान्यात नेलं नाही म्हणून गेले का?’ हा प्रश्न आला तर त्यांनी काय काय केलं ते एकेक नाव घेऊन सांगा: कूस बदलली, तोंड पुसलं, गोळी वेळेवर दिली. महिने उलटूनही अन्न गोड लागत नसेल, दारू वाढली असेल, ‘मलाही जायचंय’ असं कुणी बोलत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तुम्हीच टाकून द्या, पहिला फोन शेजारी बसून लावा, आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या कानावर घाला.